चाळीस सेकंद आणि अकरा मिनिटं

लिफ्ट चालवायला काय अक्कल लागते, असं माझ्या मेव्हण्याने मला एकदा चारचौघांत विचारलं होतं. मी म्हटलं, काही नाही रे बाबा. बटण दाबायचं आणि लोकांचं बोलणं ऐकून न ऐकल्यासारखं करायचं. बटण तुलाही दाबता येईल. दुसरं जमायला दहा वर्षं जातात, आणि तुझ्या घरातली जीभ बघता तुला वीस लागतील.

सव्वीस वर्षं झाली मला या पेटीत. सात मजल्यांची जुनी इमारत, आत लाकडी लिफ्ट, तिला ओढायची जाळी, मागे डाग पडलेला आरसा. मी तिला म्हातारी म्हणतो. म्हातारीची एक खोड आहे. चालता चालता जाळी बोटभर जरी सरकली तरी ती जागच्या जागी थांबते. मग जाळी नीट लावायची, बटण दाबायचं, की निघाली. ही खोड मला आणि देखभालवाल्याला माहीत. तिसऱ्या कोणाला नाही. म्हणजे नव्हती.

सातव्या मजल्यावर एक संस्था आहे. ज्यांच्यावर अन्याय झालाय त्यांच्यासाठी भांडणारी माणसं असतात ना, त्यांना तिथे शिकवतात. काय शिकवतात, तर आपलं गाऱ्हाणं बाहेरच्या देशांच्या दारात नेऊन कसं मांडायचं. मला आधी हसू यायचं. गाऱ्हाणं मांडायला काय शिकायचं? माझी बायको कुठल्या शाळेत गेली होती?

तर या वेळच्या वर्गाच्या पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या मॅडम लिफ्टमध्ये शिरल्या, हातात घड्याळ. बाई बारीक, पण आवाज असा की म्हातारीची जाळी थरथरते.

"मामा, सातव्यावरून तळाला यायला किती वेळ?"

"चाळीस सेकंद. माणसं जाडी असली तर अडतीस."

"अगदी बरोबर!" त्या अशा खूश झाल्या जशी लिफ्ट मीच बांधली. "मोठी सभा भरते ना, तिथे राजदूत कुठे सापडतच नाहीत. खोलीत गेले तर बैठक, बाहेर आले तर सेक्रेटरी. सापडतात फक्त लिफ्टमध्ये. तिथून पळता येत नाही. चाळीस सेकंदांत सगळं सांगायचं, हातात एक कागद द्यायचा, आणि मग गप्प बसायचं. आम्ही सराव इथेच करणार. राजदूत तुम्ही."

"मी?"

"फक्त चेहरा ठेवायचा. ऐकताय असं दाखवायचं, पण ऐकायचं नाही."

म्हटलं, मॅडम, पगार त्याचाच घेतो.

पाच दिवस हे चाललं. चौदा माणसं, एकेक करून माझ्या शेजारी उभी राहायची आणि सातव्यावरून खाली येईपर्यंत मला "महोदय" म्हणायची. सव्वीस वर्षांत मला कोणी महोदय म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी घरून इस्त्रीचा शर्ट घालून यायला लागलो. बायको म्हणाली, "कोण चढते लिफ्टमध्ये एवढी?" मी म्हटलं, "राजदूत झालोय." ती म्हणाली, "मग येताना दळण घेऊन या, राजदूत."

त्या चौदांत एक वकील होता. गुळगुळीत माणूस. चेहरा गुळगुळीत, बूट गुळगुळीत, बोलणं तर असं की ऐकताना कानावरून घसरून पडायचं. बरोबर चाळीस सेकंद. एकोणचाळीस नाही, एकेचाळीस नाही. तळमजला आला की त्याचं शेवटचं वाक्य संपायचं आणि कागद माझ्या हातात. मॅडम टाळ्या वाजवायच्या. मी दार उघडायचो. काय म्हणाला, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

आणि एक होती टेलरबाई. चाळिशीची, गळ्यात मापाची टेप तशीच अडकवलेली, कानामागे खडू. पुरुषांचे कोट शिवायची. दुकान वडलांचं, आता तिचं आणि धाकट्या भावाचं. भाऊ चौदा महिन्यांपूर्वी पोलिसांनी उचलला होता. गिरणीतल्या कामगारांनी मोर्च्यासाठी कापडी फलक शिवायला दिला होता, तो पोचवायला निघाला आणि रस्त्यातच धरला. लिहिणारे दुसरे, घोषणा देणारे तिसरे, याने फक्त कड दुमडून टीप मारली होती. बाईने अर्जावर अर्ज केले. उत्तर एकच: असा कोणी इसम आमच्या ताब्यात नाही. मग आतून सुटून आलेला एक माणूस दुकानात आला आणि तिला भावाच्या कोठडीचा नंबर सांगून गेला. म्हणजे इसम होता. फक्त कागदावर नव्हता.

मॅडमनी तिला पहिल्या दिवशीच सांगितलं, माझ्या समोरच, लिफ्टमध्ये. "सहा आठवड्यांनी मोठी सभा आहे. तिथे बाहेरच्या एखाद्या देशाने तुमच्या भावाचं नाव घेऊन विचारलं, की हा माणूस कुठे आहे, तर आपल्या सरकारला 'नाही' म्हणणं जड जाईल. कोणी नाव घेतलंच नाही, तर ज्याला कोणी विचारत नाही तो माणूस हरवणं फार सोपं असतं."

बाईने मान डोलावली आणि सुरुवात केली: "महोदय, आमच्या वडलांची एक कात्री होती..."

तळमजला आला तेव्हा ती अजून कात्रीवरच होती.

"कात्री नको," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या फेरीला पुन्हा कात्री. तिसऱ्या फेरीला कात्री नव्हती, पण ती कुठल्या दुकानातून आणली ते होतं. चौथ्या फेरीला मॅडमनी कपाळाला हात लावला. "बाई, राजदूताला कात्रीशी काय करायचंय?"

 संध्याकाळी सगळे गेल्यावर ती लिफ्टमध्ये एकटी होती. मी विचारलं, "काय हो, ती कात्री एवढी कशाला धरून ठेवली आहे?"

"मामा, वडलांची मोठी लोखंडी कात्री. तो म्हणायचा माझी, मी म्हणायचे माझी. त्या दिवशी तिच्यावरूनच भांडलो. मी म्हटलं, जा, तो फलक पोचव आणि आज तोंड दाखवू नकोस." तिने टेपचं टोक बोटाला गुंडाळलं. "खरं तर फलक मी पोचवणार होते."

मी जाळी लावली. सातव्याला गेलो. खाली आलो. परत वर गेलो.  मग मी म्हटलं, "चला, सराव करू. कात्री सोडून."

तीन संध्याकाळी आम्ही वर-खाली केलं. पहिल्या दिवशी सव्वा दोन मिनिटं. दुसऱ्या दिवशी एक मिनिट. तिसऱ्या दिवशी बेचाळीस सेकंद, मी म्हटलं श्वास कमी घ्या. चाळीस झाले. भाऊ, तारीख, जागा, कोठडीचा नंबर, "असा इसम नाही" हे उत्तर, आणि शेवटी: महोदय, सभेत त्याचं नाव विचारा. संपलं की तोंडाला कुलूप. मूग गिळून गप्प.

पण तोवर मॅडमची निवड होऊन गेली होती. शेवटच्या दिवशी एका दूतावासातले खरे राजदूत प्रशस्तिपत्रकं वाटायला येणार होते. जाताना त्यांच्याबरोबर लिफ्टने एकच जण उतरणार, आणि तो एक जण म्हणजे वकील. त्याच्याकडे सगळ्या चौदा जणांची प्रकरणं एकत्र करून केलेलं चाळीस सेकंदांचं भाषण होतं. चौदा माणसं चाळीस सेकंदांत. एकेकाच्या वाट्याला तीन सेकंदही नाहीत. टेलरबाईच्या भावाचं नावसुद्धा नव्हतं त्यात. "इतर बेपत्ता व्यक्ती" असं होतं.

ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला.

अजून एक सांगतो. लिफ्टच्या कोपऱ्यात कचऱ्याचा डबा आहे, तो रोज मी रिकामा करतो. मागच्या तीन वर्गांचे पाहुणेही माझ्याच लिफ्टने उतरले होते. प्रत्येकाच्या हातात कोणीतरी तो एक कागद दिला होता, आणि प्रत्येक कागद मी संध्याकाळी डब्यातून काढला होता. एकाने तर त्यात च्युइंग गम गुंडाळलं होतं. मॅडमना मी हे कधी सांगितलं नाही. बाई जीव तोडून शिकवते, कशाला मन मोडा.

शेवटच्या दिवशी राजदूत आले. उंच, पिकल्या केसांचे, करड्या रंगाचा कोट. आपली भाषा बोलायचे, पण शब्द शब्द इस्त्री करून. वर कार्यक्रम वीस मिनिटांचा. मी दाराशी उभा. वकील आधीच बाहेर येऊन टाय नीट करत होता.

मी त्याच्या कानाशी गेलो. "वकीलसाहेब, एक सांगू? साहेब लिफ्टने उतरणार नाहीत."

"म्हणजे?"

"येताना विचारलं त्यांनी मला, जिना कुठे आहे म्हणून." हे खोटं नव्हतं. आग लागली तर माहीत असावं म्हणून विचारलं होतं. "गुडघे चालते ठेवायचे असतील. सात मजले आहेत, साहेब. चाळीस सेकंद कुठे, तुम्हाला पाच मिनिटं मिळतील!"

वकिलाचे डोळे असे चमकले की काय सांगू. गडी तडक जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला, गुडघे थोडे वाकवून बघत.

टेलरबाईला मी सकाळीच सांगून ठेवलं होतं, कार्यक्रम संपला की लिफ्टच्या दाराशी उभी राहा, कशाला ते विचारू नको. राजदूत आले, आत शिरले, त्यांच्यामागे मी टेलरबाईला कोपराने ढकललं आणि जाळी ओढली. मॅडम दारातून बघत होत्या. त्यांचं तोंड उघडं राहिलं, पण आवाज यायच्या आत आम्ही सहाव्याला होतो.

बाईने सुरुवात केली. "महोदय, माझा भाऊ..." आवाज कापत होता, पण गाडी रुळावर. राजदूत वर आकड्यांकडे बघत होते. सहा. पाच. माझा बेत साधा होता: चार आणि तीनच्या मध्ये जाळी बोटभर सरकवायची, दोन मिनिटं म्हातारीला बसवायचं, बाईला जरा जास्त वेळ मिळेल, मग निघायचं.

सरकवली. म्हातारी थांबली, बाईचं घोटलेलं मात्र चालूच राहिलं, शेवटच्या वाक्यापर्यंत.

"महोदय, सभेत त्याचं नाव विचारा," बाई म्हणाली. आणि गप्प झाली.

मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. चाळीस सेकंद संपले होते. मॅडमनी शिकवलं होतं बोलून झालं की गप्प, आणि मी तीन संध्याकाळी ते तिच्याकडून घोटून घेतलं होतं. मी भुवया उडवल्या. बोल की! तिने मान हलवली. झालं की सगळं!

राजदूत म्हणाले, "आम्ही याची योग्य ती नोंद घेऊ."

वाटाण्याच्या अक्षता त्या. आणि अक्षता कुठे जाऊन पडतात, ते माझ्या डब्याला विचारा. बाईने मुकाट कागद दिला. त्यांनी घडी केली, चार घड्या, हातात धरला, आणि नजर आपोआप कोपऱ्याकडे गेली. मी डब्यासमोर पाय आडवा टाकला.

"आपण थांबलो आहोत का?" त्यांनी विचारलं.

"लगेच निघू, साहेब." मी जाळी लावली. बटण दाबलं. म्हातारी ढिम्म. पुन्हा दाबलं. काही नाही. जाळी उघडली, लावली, हलवली, लाडीगोडी केली, शिवी दिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नाटक करायला गेलो आणि ती खरंच अडकली! घंटा वाजवली. वरून मॅडमचा आवाज, खालून रखवालदाराचा, आणि जिन्यातून वकिलाचा: "साहेब कुठे आहेत? मी दोनदा खाली जाऊन आलो!"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. नोकरी गेली असं धरूनच चाललो. राजदूतांनी रुमालाने मान पुसली. आत गरम होत होतं. पाच मिनिटं गेली. तीन माणसं एका पेटीत, आणि घाम कोणालाच लपवता येत नव्हता.

मग टेलरबाई म्हणाली, "तुमचं बटण लोंबतंय."

"काय?"

"मधलं. मगाशी वर बसले होते तेव्हापासून बघतेय. गाडीत बसताना तुटेल. द्या इकडे कोट."

अशा आवाजात म्हणाली की माणूस शाळेत जातो परत. राजदूतांनी कोट काढून दिला. बाईने पर्समधून सुई काढली, करडा दोरा दाताने तोडला, कोट उलटा करून गुडघ्यावर घेतला आणि खाली फरशीवरच बसली. हातात काम आलं आणि तिचा चेहराच बदलला. खांदे खाली आले.

"शिलाई चांगली आहे," ती म्हणाली, "पण खिशाचं अस्तर ज्याने कापलं त्याची कात्री बोथट होती."

"तुम्हाला कसं कळलं?"

"कडा बघा ना. आमच्याकडे वडलांची एक कात्री आहे..."

मी डोळे मिटले. आली. कात्री आली.

आणि तिने सगळं सांगितलं. सुई खालवर चालली होती आणि त्याच लयीत ती बोलत होती. कात्री कोणाची यावरून दोघं लहानपणापासून कसे भांडायचे, तो तिला ताई म्हणायच्या ऐवजी "मालक" म्हणायचा, त्या दिवशी ती काय बोलली, फलक कोण पोचवणार होतं. राजदूत वर आकड्यांकडे बघत नव्हते. नुसत्या शर्टावर भिंतीला टेकून उभे होते, आणि एकदा म्हणाले, "मला एक बहीण आहे." मग बऱ्याच वेळाने, "तीही मालक आहे." बाई हसली. मी तोंड भिंतीकडे केलं.

बटण लागलं. तरी बाईची सुई चालूच होती, आतल्या खिशापाशी. मी वाकून बघितलं. टेलरकडे कोट दुरुस्तीला आला की गिऱ्हाइकाचं नाव आणि नंबर लिहिलेली कापडाची पट्टी आत टाचतात, कोटांची अदलाबदल होऊ नये म्हणून. तशी पांढरी पट्टी तिने काढली, पक्क्या शाईच्या पेनाने त्यावर काहीतरी लिहिलं, आणि चारही बाजूंनी टाचली. नुसती टाचली नाही, बारीक टीप मारली. ती काढायची तर टीप उसवावीच लागली असती.

खालून रखवालदाराने देखभालवाल्याला आणलं, आणि अकराव्या मिनिटाला म्हातारीने आचका दिला आणि निघाली. राजदूतांनी कोट घातला, बटण लावून बघितलं, बाईशी हात मिळवला, आणि गेले. कागद? तळमजल्यावर माझा पाय डब्यापासून हलला होता. संध्याकाळी सापडला. चार घड्यांचा.

"बाई," मी विचारलं, "पट्टीवर काय लिहिलंस?"

"भावाचं नाव. कोठडीचा नंबर. नेल्याची तारीख."

"कोटावर गिऱ्हाइकाचं नाव लावतात ना?"

"साहेबांना त्यांचं नाव माहीत आहे, मामा."

मला इमारतीच्या मालकाची नोटीस आली, लेखी खुलासा द्या म्हणून. खुलासा मॅडमनी लिहून दिला. देताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, "म्हातारी नेमकी तेव्हाच कशी अडकली?" मी म्हटलं, "वयोमान, मॅडम." वकील महिनाभर माझ्याशी बोलला नाही. जिन्याने यायचा. पण गुडघे सुधारले त्याचे, हे मी म्हणेन.

सहा आठवड्यांनी मॅडम त्या सभेला गेल्या होत्या. परत आल्यावर पिशव्याही वर न नेता लिफ्टमध्येच सांगायला लागल्या. आम्ही तीनदा वर-खाली केलं, तरी संपेना. राजदूतांची बोलायची पाळी आली. अंगात तोच करडा कोट, समोर छापील भाषण. वाचायला चष्मा काढावा म्हणून त्यांनी आतल्या खिशात हात घातला आणि हात तिथेच राहिला. कोट उघडून आत बघितलं. सगळी सभा बघतेय. मग भाषण बाजूला ठेवून, कोटाची बाजू धरून, आतून वाचून त्यांनी विचारलं: या नावाचा, या नंबरच्या कोठडीतला, या तारखेला नेलेला माणूस कुठे आहे? नाव घेऊन. नंबरासकट. आपल्याकडच्या अधिकाऱ्याने "असा इसम नाही" म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं. कोठडीचा नंबर ऐकल्यावर काय म्हणणार?

तेविसाव्या दिवशी इसम कोर्टापुढे उभा होता. कोर्टाने विचारलं, आरोप काय? सरकारी बाजूने कागद चाळले, चाळले, आणि सोडला त्याला.

आता सातव्या मजल्यावर नवा वर्ग आलाय. तेरा जण आहेत, आणि तेराही जणांच्या खिशात सुई-दोरा. अकलेचे कांदे! परवा एका पाहुण्याचं बटण चांगलं घट्ट होतं, तर एकाने गर्दीत हळूच ओढून तोडलं, आणि मग सुईत दोरा ओवता ओवता तळमजला आला. मॅडम म्हणाल्या, "मामा, यांना काहीतरी सांगा हो." मी काय सांगू? मी लिफ्टवाला.

गेल्या आठवड्यात टेलरबाई आली, भावाला घेऊन. मॅडमना भेटायचं होतं. काटकुळा, केस बारीक कापलेले, शर्ट बहिणीने मापाने शिवलेला पण माप जुनं, म्हणून अंगावर लोंबणारा. मी जाळी उघडली. "या साहेब, बसा म्हातारीत."

त्याने आत बघितलं. लाकडी पेटी, जाळी, खिडकी नाही. पाऊल पुढे आलं आणि थांबलं. कपाळावर घाम.

"मी चालत येतो," तो म्हणाला.

बाईने माझ्याकडे बघितलं. मी म्हातारीला कुलूप लावलं, पाटी उलटी केली: बंद आहे. "चला, मलाही गुडघे चालते ठेवायचेत."

सव्वीस वर्षांत मी त्या जिन्याने कधी वर गेलो नव्हतो. तिसऱ्यालाच माझा भाता फुटला. चौथ्याला मी पायरीवर बसलो. तो माझ्या शेजारी बसला, ती एक पायरी वर.

"मामा," तो म्हणाला, "ही सगळीकडे सांगत सुटली आहे ना, कात्री कोणाची ते?"

"एका राजदूताला सांगितलंय."

"मग त्याला कळवा. कात्री माझी आहे."

मी वर बघितलं. म्हटलं आता ही पेटणार.

टेलरबाईने पर्स उघडली. आत जाड फडक्यात गुंडाळलेली ती लोखंडी कात्री. तिने ती त्याच्या मांडीवर ठेवली. तो बराच वेळ नुसता तिचं वजन बघत राहिला.

"धार लावून आणली आहे," ती म्हणाली. "पण हातात घेऊन जिन्यात धावू नकोस. आणि उद्या सकाळी दुकानात वेळेवर यायचं."

"हो, मालक," तो म्हणाला.

मी म्हटलं, "उठा रे, अजून तीन मजले आहेत." आणि उठवायला त्या दोघांनाच मला हात द्यावा लागला.